कझिन ब्रदर आणि माझं लाल पेन

आमच्या घरात तीन बायका आहेत आणि तीन इंग्रज्या. सासूबाईंची टेलिफोन खात्यातली, माझी छापखान्यातली आणि लेकीची हिंजवडीतली. नवरा मराठीतसुद्धा गरजेपुरतंच बोलतो, त्यामुळे त्याला या मोजणीत धरलेलं नाही.

मी बावीस वर्षं नारायण पेठेतल्या एका लहानशा छापखान्यात प्रूफं वाचते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, क्लासच्या नोट्स, मंडळांची पावतीपुस्तकं, तेराव्याची कार्डं. मुद्रितशोधक हा शब्द मालकांना माहीत आहे, पण तोंडात येत नाही. गिऱ्हाइकाला ते 'एकदा मॅडमच्या नजरेखालून काढा' एवढंच सांगतात. मला घेतलं होतं ते मराठीसाठी, ऱ्हस्व-दीर्घ बघायला. आता समोर येणाऱ्या मॅटरमध्ये निम्मं इंग्रजी असतं आणि उरलेल्या मराठीतलंही निम्मं इंग्रजीच असतं.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून इंग्रजी राज्यात २००० साली आलं, तोवर आमचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पाचवीपासून शिकलेल्या माणसाला इंग्रजी बोलता येवो न येवो, दुसऱ्याचं पकडता बरोबर येतं. कोणी 'डिस्कस अबाउट' म्हणालं की माझ्या आतल्या पाचवीच्या बाई छडी घेऊन उठतात. स्वतः बोलायची वेळ आली की मात्र त्याच बाई 'यस, यस' करत मराठीवर येतात.

मघाशी मॅटर म्हणाले ना, तो आमच्या धंद्यातला पहिला शब्द. 'मॅटर आणलंय का?', 'मॅटर लागलं का?', 'मॅटर अजून पार्टीकडेच अडकलंय.' इंग्रजीतही छापायच्या मजकुराला हाच शब्द आहे, त्यामुळे तक्रार नाही. पण आमच्या कोपऱ्यावरच्या पोरांचा मॅटर निराळा. 'काल टपरीवर मॅटर झाला' म्हणजे हाणामारी झाली. छापखान्यातलं ते मॅटर आणि रस्त्यावरचा तो मॅटर. नुसतं लिंग बदलून आपण एका शब्दाचे दोन केले. इंग्रजांना हे करताच आलं नसतं, त्यांच्याकडे सगळं एकजात नपुंसकलिंगी.

लिंगावरून आमच्या घरीही वाद आहेत. लेक 'मेल केला' म्हणते, मी 'मेल केली' म्हणते. सासूबाईंच्या मते मेल ही एक रेल्वेगाडी आहे आणि ती बहुतेक लेट असते.

तर लग्नपत्रिका. आहेर नको असेल तर पूर्वी खाली 'कृपया आहेर आणू नये' अशी एक ओळ यायची. चार शब्द, विषय संपला. आता ती इंग्रजीत हवी असते आणि त्यात प्रेझेन्स आणि प्रेझेंट यांची कोटी हवी असते. मागच्या मोसमात एकाच आठवड्यात तीन पत्रिकांवर मला 'युवर ओन्ली प्रेझेन्स इज प्रेझेंट' असं आलं. म्हणजे तुमची एकुलती एक उपस्थिती. मी पहिल्या दोन गपचूप सुधारल्या. तिसऱ्या वेळी मुलीचे वडील समोरच बसले होते, तर म्हटलं, यांना समजावून सांगावं. 'अहो, हा ओन्ली इथे नको, अलीकडे हवा.' ते म्हणाले, 'मॅडम, पण आम्हाला उपस्थितीच म्हणायचंय. उपस्थिती-च.'

आणि माझी ट्यूब पेटली. ओन्ली म्हणजे आपला 'च'! आपला 'च' ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याला चिकटतो. मीच येणार, मी येणारच, मी उद्याच येणार. इंग्रजीत हे काम आवाजाच्या चढउतारावर चालतं, कागदावर आवाज कुठून आणणार? म्हणून आपण बापडा ओन्ली उचलला आणि जिथे 'च' लावतो तिथे लावून दिला. 'आय अ‍ॅम फ्रॉम पुणे ओन्ली' यात इंग्रजी शोधत बसलं तर डोकं उठेल. 'मी पुण्याचाच' हे ऐकू आलं की सगळं सरळ. 'स्लोली स्लोली' हेही तसंच, आपलं हळूहळू. 'आय गेव्ह द एक्झाम' म्हणजे मी परीक्षा दिली. इंग्रजीत परीक्षा देतात ते मास्तर आणि घेतात ती पोरं. आपल्याकडे बरोबर उलटं. आणि खरं सांगायचं तर देणारी पोरं हेच जास्त पटतं. जीव त्यांचा जातो.

हे कळल्यापासून माझ्या कामाची पंचाईत झाली. चूक दिसली की पूर्वी पेन खाली यायचं. आता पेन हवेत थांबतं आणि मी खालची मराठी ऐकत बसते. मालक म्हणतात, 'मॅडम, झोप झाली नाही का?'

'गुड नेम'चं मात्र पाप आपल्या माथी नाही. 'आपलं शुभनाम?' हे हिंदीचं. मराठी माणूस सरळ 'नाव काय आपलं?' विचारतो, आणि सदाशिव पेठेतला असेल तर त्याआधी 'काय काम आहे?' विचारतो.

सासूबाई एक्क्याऐंशीच्या आहेत. टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या. त्यांना इंग्रजी वाक्यं येतात पंधरा-वीस, पण ती अशी गुळगुळीत की ऐकणाऱ्याला वाटावं बाई विलायतेत वाढल्या. 'होल्ड द लाइन, प्लीज.' 'द नंबर इज एंगेज्ड.' ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे ट्रंक कॉलचे तीन प्रकार त्या अजूनही घरात वापरतात. चहा हवा असेल तर 'ऑर्डिनरी आहे, सावकाश आण', बाथरूमला जायचं असेल तर 'लाइटनिंग'. फोन बिझी लागतोय असं लेक म्हणाली की त्या दुरुस्त करतात: 'एंगेज. बिझी माणसं असतात.' हा ब्रिटिश-अमेरिकन फरक आहे हे मी सांगायला गेले, तर म्हणाल्या, 'मला काय करायचंय कोणाचा आहे त्याच्याशी. हेडफोन लावून सव्वीस वर्षं मी एंगेजच म्हटलंय.'

त्यांच्याशी माझं खरं भांडण 'मिस्टर' या शब्दावरून. 'तुझे मिस्टर आले का गं?' असं शेजारच्या काकूंनी विचारलं की मला कसंसंच व्हायचं. मिस्टर हे नावाच्या आधी लागतं, ते काही नातं नव्हे. नवरा म्हणा, यजमान म्हणा. एकदा हे मी जेवताना बोलून दाखवलं. सासूबाई आमटी ओरपत होत्या, त्यांनी वाटी खाली ठेवली.

'नाव घ्यायचं नसे आमच्यात. आपल्या नवऱ्याला हे, अहो. बरं, आम्ही एका हॉलमध्ये तीस-चाळीस मुली. माझे हे, तुझे हे, तिचे हे. कुठले हे? नवरा म्हणायला लाज वाटायची. मालक नको वाटायचं, कमावत होतो ना आम्हीही. मग मिस्टर. कोणाला बोचत नाही, सगळ्यांना कळतं.'

यावर मला बोलता आलं नाही. मी अजूनही नवराच म्हणते, पण काकूंना दुरुस्त करत नाही.

दवाखान्यातल्या बाकावर बसलं की आणखी एक गंमत कानावर येते. 'मला बीपी आहे.' 'ह्यांना शुगर आहे.' अहो, बीपी सगळ्यांनाच असतं, नसलं की मग माझ्याकडे कार्डं छापायला यावं लागतं.

लेकीचं इंग्रजी आमच्या दोघींच्या वर. ती फोनवर बोलत असली की मी भाजी निवडता निवडता ऐकते. 'आय विल रिव्हर्ट बाय ईओडी.' तिला म्हणायचं असतं, दिवस संपायच्या आत उत्तर देते. रिव्हर्ट म्हणजे खरं तर पूर्वपदावर जाणं. मी म्हटलं, 'चांगलं आहे, सातवीत होतीस तशी हो परत. तेव्हा खोली आवरायचीस.' तिनं फोन म्यूट केला, माझ्याकडे बघितलं आणि परत अनम्यूट केला. उत्तर देण्यालायक इंग्रजी माझ्याकडे नाही हे तिला माहीत आहे.

पण प्रीपोनच्या बाबतीत तिनं मला चारीमुंड्या चीत केलं, तेही सगळ्या सोसायटीसमोर.

झालं असं. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा २१ तारखेच्या रविवारी होती, ती काही कारणानं १४ ला घ्यायचं ठरलं. सेक्रेटरींनी नोटिशीचा कागद माझ्याकडे पाठवला, नजरेखालून काढायला. लिहिलं होतं, 'सभा प्रीपोन करण्यात आली आहे.' मी म्हटलं, हे काय धेडगुजरी. पोस्टपोनवरून कोणीतरी आपल्याकडे पाडलेला बनावट शब्द. लाल पेनानं फुली मारली आणि वर लिहिलं, 'सभा पुढे घेण्यात आली आहे.' तारीख खालच्या ओळीत होतीच. पण नोटीस खालपर्यंत वाचतो कोण? लोकांनी जिन्यातून जाता जाता 'पुढे' एवढंच वाचलं आणि पुढची समजूत करून घेतली. चौदा तारखेला कोरम भरला नाही. अर्धा तास वाट बघून सेक्रेटरींनी चहा वाटला आणि तीच सभा पुन्हा सुरू केली. एकवीसच्या संध्याकाळी अकरा माणसं स्वेटर घालून गच्चीवर हजर. त्यांतले एक काका अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

लेक म्हणाली, 'प्रीपोन लिहिलं असतंस तर?'

खरंच. 'पुढे ढकलली' म्हणजे नंतर, 'पुढे घेतली' म्हणजे घेणाऱ्याच्या मनात आधी आणि वाचणाऱ्याच्या मनात नंतर. 'अलीकडे घेतली' लिहायला हवं होतं, तो चांगला मराठी शब्द माझ्या जिभेवर होता, पण हातातून आला नाही. आणि या शब्दाचा मी जो बनावट म्हणून तिटकारा करत होते, त्याची कुंडली काढली तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात नोंद १९१३ ची, 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापून आलेल्या एका वाचकाच्या पत्राची. हा शब्द मीच पाडतोय, पोस्टपोनला जोडीदार हवा, अशा आशयाचं पत्र. तिथे तो फार कोणी वापरला नाही, इथे आपण संसाराला लावला. म्हणजे मी ज्याला आपल्याकडचा अडाणीपणा समजून फुली मारली, त्याच्यावर माझ्या जन्माच्या कितीतरी आधी अमेरिकेत पत्र छापून आलं होतं. नवऱ्याला सांगितलं, तर त्याला एकदम कंठ फुटला. म्हणाला, 'स्टेपनीचंही तसंच आहे.' त्याच्या जुन्या चेतक स्कूटरच्या स्टेपनीला मी कायम हसायचे की स्पेअर व्हीलला हे काय गावठी नाव. तर वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे, तिथल्या दोघा भावांनी १९०४ च्या सुमाराला हे जादा चाक काढलं आणि रस्त्याचं नाव चाकाला लागलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आणि हे याला ठाऊक होतं हे मला आता कळलं.

काही गोष्टी मात्र मी अजिबात सोडणार नाही. सारसबागेत बाकावर बसलं की शेजारी एखादी आई असते, 'बनाना फिनिश कर, मग रन कर.' क्रियापदाला 'कर' जोडून संसार चाललेला. परवा तिथे आजी, आई आणि दोन वर्षांचं पोर असं तिघं होते. समोरच्या झाडावर कावळा येऊन बसला. आजी म्हणाली, 'तो बघ काऊ!' पोरगं मान वळवून रस्त्याकडे बघायला लागलं. आजी बोट वर करतेय, हे खाली बघतंय. शेवटी आईनंच उलगडा केला, 'आई, तो गाय शोधतोय.' आजीचा काऊ कावळा आणि आईची काऊ गाय. आजीनं बोट हळूच खाली घेतलं. मला त्या बोटाचं फार वाईट वाटलं, आणि हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

दुसरी न सोडायची गोष्ट म्हणजे अपॉस्ट्रॉफी. अनेकवचनाचा एस लिहिला की त्याच्या डोक्यावर एक टिकली मारायचीच, असा नियम शहरात कधी पास झाला कोण जाणे. साडीज, फोटोज, टॅक्सीज, सगळ्यांच्या एसआधी टिकली. लक्ष्मी रोडवरून घरी जाताना मी पाट्यांकडे बघतच नाही, डोळे रस्त्यावर ठेवते. त्यामुळे खड्डे तरी चुकतात. आणि वाईट याचं वाटतं की हे सगळं विश्रामबागवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या संस्कृत पाठशाळेवर मेजर थॉमस कँडी प्रमुख होते. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात मदतीला होते तेच कँडी. आपल्या मराठीला पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह लावून देण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. त्याआधी आपण दंड मारायचो, नाहीतर श्वास लागेपर्यंत लिहीत सुटायचो. त्या साहेबानं आपल्याला स्वल्पविराम दिला, आपण तोच डोक्यावर चढवून साड्यांना लावला.

आता जे सांगायचं म्हणून बसले होते ते.

मागच्या श्रावणात दुपारी एक काका आले. पासष्टीचे असतील. हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात घडी केलेला एकच कागद. बायकोच्या तेराव्याची कार्डं छापायची होती, पन्नास मराठी, पंचवीस इंग्रजी. इंग्रजी कशाला, तर जावई तमिळ, त्यांच्याकडच्यांना पाठवायला. इंग्रजी त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, पेन्सिलीनं, ठसठशीत अक्षरात. पहिलंच वाक्य, 'माय वाइफ एक्सपायर्ड ऑन' आणि पुढे तारीख.

मी, म्हणजे मी काय म्हणावं? म्हटलं, 'काका, एक्सपायर औषधं होतात. माणसाला तसं म्हणत नाहीत.'

आवाज चढवला नव्हता. उलट मदत करतेय अशा सुरात बोलले, तेच जास्त वाईट. ते कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'मग काय म्हणतात?'

मी 'पास्ड अवे' लिहून दाखवलं.

'अवे म्हणजे लांब ना?' त्यांनी विचारलं. 'लांब नाही गेली ती. घरातच गेली.' थोडं थांबून म्हणाले, 'बरं. तुम्हाला जास्त कळतं. तसं करा.'

तसं केलं. पंचवीस कार्डं, पांढऱ्यावर काळी, किनार नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी येऊन पैसे मोजले आणि कार्डं घेऊन गेले.

रात्री का कोण जाणे, मी कोश काढला. एक्सपायर. लॅटिनमधून आलेला, मूळ अर्थ श्वास बाहेर सोडणे. माणसानं प्राण सोडणे हा अर्थ इंग्रजीत शतकानुशतकं चालत आलेला. दुधाच्या पिशवीची आणि गोळ्यांच्या पाकिटाची तारीख संपते ती नंतरची. गोळ्यांनी शब्द माणसाकडून घेतला होता. काकांनी पेन्सिलीनं लिहिलेलं अगदी बरोबर होतं, आणि आपल्या 'प्राण सोडला'शी अक्षर न् अक्षर जुळणारं. चूक माझी होती, आणि ती पंचवीस प्रतींत छापून चेन्नईला गेली होती. छापील चूक आमच्या धंद्यात शुद्धिपत्र लावून सुधारतात. याला शुद्धिपत्र कुठे लावणार?

व्हॉट्सअ‍ॅपवर तीन अक्षरांत आरआयपी टाकणाऱ्यांना आणि भावपूर्ण श्रद्धांजलीचं भापूश्र करणाऱ्यांना मी किती नावं ठेवली आहेत. त्यांनी निदान एखाद्याच्या हातचा कागद खोडला नव्हता.

गेल्या महिन्यात तेच काका परत आले. फाइल तीच. मी ओळखलं, त्यांनीही ओळखलं. नातीचं बारसं होतं, कार्ड इंग्रजीत, व्याह्यांसाठी. मला त्या शब्दाचं सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी काहीतरी हललेलं होतं आणि नातीचा फोनमधला फोटो ते मला दाखवत होते, डोक्यावर टोपडं, मुठी आवळलेल्या. मग म्हटलं, आज नको.

मॅटर वाचलं. खाली निमंत्रकांत लिहिलं होतं, 'ऑल कझिन ब्रदर्स अँड कझिन सिस्टर्स'. बावीस वर्षांत हे मी किती वेळा खोडलं असेल याला गणती नाही. कझिन म्हटलं की झालं, ब्रदर कशाला? आता वाटतं, ज्यांच्याकडे चुलत, आते, मामे, मावस असे चार वेगवेगळे भाऊ आणि तितक्याच बहिणी आहेत, त्यांना एका कझिनमध्ये सगळे कोंबा म्हटलं तर जीव घुसमटणारच. निदान भाऊ कोण आणि बहीण कोण एवढं तरी राहू दे म्हणतात बिचारे.

काका माझ्या पेनाकडे बघत होते. 'काही चुकलंय का ताई? स्पष्ट सांगा, तुम्हाला जास्त कळतं.'

'नाही, बरोबर आहे,' मी म्हटलं.

ब्रदर्सच्या एसआधीची टिकली तेवढी काढली.